हिरड्यांचे दुखणे आणि सुरीची भीती

सणाच्या दिवशी आमच्या आईला करंजी चावता येत नसे. गणेशचतुर्थीला पहाटे उठून ती सारण करी, करंज्या भरी, तळी, शेजारीपाजारी पाठवी. सर्वांची पाने वाढून झाली की स्वतःसाठी एक करंजी वाटीतल्या दुधात टाकून ठेवी आणि ती मऊ पडली म्हणजे चमच्याने खाई. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिचे सगळे दात गेले होते. त्यातल्या एकालाही कीड नव्हती. ती म्हणायची, "बाळा, दात चांगले होते, पण त्यांना धरून ठेवणारंच काही उरलं नाही."

आम्ही त्या वेळी कॉलेजात शिकत होतो. आमच्या घराण्यात दात लवकर जातात, हे नशिबाचेच, असे घरात सर्वजण म्हणत आणि आम्हीही तेच मानत आलो. कुणी विचारले नाही की दात का हलू लागले, आणि वेळीच काही करता आले असते काय.

पुढे आमची त्रेचाळिशी आली आणि दात घासताना आमच्याही थुंकीत रक्त दिसू लागले. आम्ही काय केले? बहुतेक लोक करतात तेच. जिथे रक्त येते तिथे ब्रश लावायचे टाळले. काही दिवस मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, बरे वाटले, विसरलो. असे दोन वर्षे चालले. मग एके दिवशी वर्गात एका लहान मुलाची वही तपासायला वाकलो, तर त्या बिचाऱ्याने हळूच मान बाजूला वळवली. मुलगा गुणी होता, बोलला काहीच नाही. पण आम्ही काय समजायचे ते समजलो. वर्गात रोज स्वच्छतेचे धडे देणाऱ्या शिक्षकाच्या तोंडाला दुर्गंधी येत होती. त्या दिवशी घरी येऊन आरशात नीट पाहिले. हिरड्या लाल, सुजलेल्या, आणि खालचे पुढचे दात पूर्वीपेक्षा लांब दिसत होते.

हा अनुभव सांगायला आम्हाला थोडी लाज वाटते. तरी सांगतो, कारण आपल्या अनेक घरांत हेच चालले असेल, आणि भीतीपोटी पुष्कळजण दंतवैद्याकडे जात नसतील.

रोग येतो कसा

दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा एक पातळ, चिकट थर जमू लागतो. तो रोज काढला तर काही बिघडत नाही. राहू दिला तर लाळेतल्या क्षारांमुळे तो थोड्याच दिवसांत घट्ट होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही, आणि त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर नवा थर आणखी सहज बसतो.

या थराला शरीर उत्तर देते ते सुजेने. हिरडी लाल होते, फुगते, जरासा धक्का लागला तरी रक्त येते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अगदी साध्या प्रयोगाने सिद्ध केले. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात स्वच्छ करणे मुद्दाम थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू करताच सुमारे आठवड्यात त्या बऱ्या झाल्या. म्हणजे ज्या जागी रक्त येते ती जागा टाळणे हा उलटा उपाय. तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने, अधिक काळजीने घासले पाहिजे.

इथवरचा आजार पूर्णपणे परतवता येतो. पण काही लोकांत सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते, मधे खाच पडते, खिशासारखी. त्या खिशात थर आणि कीटण जमते, तिथे ब्रश पोहोचत नाही, आणि हळूहळू दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. जुन्या लोकांनी याला पायोरिया म्हटले. यात बहुधा दुखत नाही, हाच मोठा घात. कीड लागलेला दात रात्रभर जागवतो, पण हिरडीचा रोग वर्षानुवर्षे गुपचूप काम करतो आणि दात हलू लागला तेव्हाच कळतो. एकदा गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही. म्हणून लवकर पकडणे महत्त्वाचे.

मग हा नशिबाचा भाग मुळीच नाही काय? थोडा आहे. याच ल्यो यांनी १९७० पासून श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरील ४८० मजुरांच्या तोंडांची पंधरा वर्षे तपासणी केली. हे लोक दातांची निगा अशी काही राखतच नव्हते. १९८६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सुमारे ८ टक्के मजुरांचा रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचे हिरडीच्या सुजेपलीकडे काहीच बिघडले नाही. मळ्यावरच्या मजुरांची ही हकीगत वाचताना आम्हाला उसाच्या शेतात राबलेल्या आपल्या आजा-आजींची आठवण झाली. तेही कोळशाची पूड आणि मीठ बोटावर घेऊन दात घासत. काहींचे दात म्हातारपणी ऊस सोलण्याइतके पक्के राहिले, काहींचे तरुणपणीच गेले. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, हे खरे. पण आपण त्या ११ टक्क्यांत आहोत असे कुणी धरून चालू नये.

आमच्या आईच्या बाबतीत घराण्याची प्रकृती होती असे मानले, तरी स्वच्छता आणि वेळीच उपचार यांनी तिचे बरेचसे दात वाचले असते, असे आता आम्हाला वाटते.

सुरीची भीती

पूर्वी हिरड्यांचा रोग वाढला म्हणजे दोनच गोष्टी ऐकू येत. एक म्हणजे दात काढून कवळी बसवणे. दुसरी म्हणजे हिरडी कापून उलगडणे, आतली मुळे स्वच्छ करणे आणि पुन्हा शिवणे. ही शस्त्रक्रिया निरुपयोगी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती सुधारत आली आहे आणि आजही काही रोग्यांना तिचा उपयोग होतो. पण अनेक दातांच्या हिरड्या एकदम उघडायच्या, मग सूज, टाके, कित्येक दिवस पेज. वर हिरड्या खाली सरकल्यामुळे दात लांब दिसू लागतात. हे ऐकूनच माणसे घाबरतात आणि घरी बसतात.

आम्ही प्रथम ज्या ठिकाणी गेलो तिथे तोंडात एकदा आरसा फिरवला गेला आणि आम्हाला सांगण्यात आले की पुढचे चार दात काढावेत, नाहीतर महागडे लेझर करावे. खिशांची खोली कुणी मोजली नाही, एक्स-रे काढला नाही. आम्ही घरी आलो ते आईची करंजी डोळ्यांपुढे घेऊनच. आठ दिवस झोप लागली नाही. शेवटी घरच्या मंडळींनी आग्रह केला की दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्या. ते घेतले म्हणून आज ते चारही दात आमच्या तोंडात आहेत.

या दुसऱ्या बाईंनी आधी मोजमाप केले. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीच्या कडेने आत सरकवली आणि आकडे लिहून घेतले. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार आणि त्यापुढे गेला तर तो रोगाचा खिसा होऊ शकतो. सहा किंवा अधिक म्हणजे खोल. आमचे बरेच आकडे पाच होते, काही सहा, आणि एका दाढेपाशी आठ. ज्यांचे पुढचे दात काढायला सांगितले होते, त्यांच्यापाशी पाच!

वाचकहो, ही मोजणी फार मोलाची आहे. मूल गणितात कच्चे आहे की पक्के, हे परीक्षा न घेता शिक्षक सांगू लागला तर पालक त्याला काय म्हणतील? तसेच हे.

न कापता होणारा उपचार

आता कमीत कमी इजा करणारे उपचार काय, ते सांगतो. त्यातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपचार म्हणजे हिरडी न कापता खिशाच्या आतली स्वच्छता. जागा बधिर करतात. मग बारीक टोकाचे अल्ट्रासॉनिक यंत्र आत घालतात. त्याचे टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरते आणि त्याबरोबर पाण्याची धार चालू असते. कीटण फुटून निघते आणि धुऊन जाते. उरलेले हाताच्या बारीक अवजारांनी काढतात. आमचे काम दोन बैठकींत झाले. बधिर केल्यामुळे दुखले नाही. यंत्राचा आवाज मात्र कानात घुमत राहिला. नंतर दोन-तीन दिवस हिरड्या हुळहुळल्या, आणि काही आठवडे थंड पाण्याने दात शिवशिवत.

सूज उतरली की हिरडी पुन्हा दाताला घट्ट बसू लागते आणि खिसा उथळ होतो. पुष्कळ अभ्यास एकत्र करून असे आढळले आहे की अशा बंद स्वच्छतेने सहा-आठ महिन्यांत सरासरी चारांपैकी तीन खिसे मिटतात. म्हणजे बहुतेक काम सुरीशिवायच होते. २०२० साली युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांनी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही हाच क्रम आहे: आधी रोग्याची स्वतःची स्वच्छता, तंबाखू आणि मधुमेह यांवर ताबा, मग खिशांची बंद स्वच्छता, मग पुन्हा मोजणी, आणि तरीही सहा मिलिमीटर किंवा अधिक खोल खिसे उरले तरच शस्त्रक्रियेचा विचार.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "दात साफ करून घेतले की हलू लागतात," असे आपल्या बायाबापड्या ठामपणे सांगतात. खरे काय ते असे की हाड आधीच गेलेले असते. कीटणाने दात एकमेकांना लिंपून धरलेले असतात. ते काढले की फटी दिसतात आणि दात किती हलतो ते उघडे पडते. भिंतीतली वाळवी काढली म्हणून भिंत पोकळ झाली, असे कुणी म्हणत नाही.

दुसरा गैरसमज गोळ्यांचा. हिरडी सुजली की औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून खाणारे लोक आहेत. चार दिवस सूज उतरते, पण कीटण जागच्या जागी राहते आणि रोगही.

छेद घ्यावाच लागला तर

आठ आठवड्यांनी आमची पुन्हा मोजणी झाली. पाचाचे तीन झाले होते, रक्त थांबले होते. एका दाढेचा खिसा मात्र अजून सात होता. तिथे हाडात खोल खड्डा पडला होता. तिथे शस्त्रक्रिया करावी असे ठरले, पण जुन्या पद्धतीची नव्हे.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत स्टीफन हॅरेल यांनी लहान छेदातून हे काम करण्याची रीत मांडली. २००७ मध्ये इटलीचे पिएरपाओलो कोर्तेल्लिनी आणि मॉरिझिओ टोनेटी यांनी ती आणखी नेमकी केली आणि २००९ मध्ये छेद अजून लहान केला. यात सबंध जबड्याची हिरडी न उलगडता, जिथे खड्डा आहे तेवढ्याच दोन दातांमधली हिरडी जराशी उचलतात. भिंग किंवा सूक्ष्मदर्शकातून पाहत आतली स्वच्छता करतात आणि अगदी बारीक धाग्याने टाके घालतात. हिरडी फार हलवली जात नाही, रक्ताची गुठळी जागेवर टिकते, आणि तिच्या आधाराने जखम लवकर भरते. सूज व दुखणे कमी होते. आम्हाला एका दिवसाची रजा पुरली. शनिवार-रविवार धरून सोमवारी आम्ही वर्गात उभे होतो.

या शस्त्रक्रियेत कधीकधी खड्ड्यात काही द्रव्य भरतात. हाड वाढावे म्हणून वापरले जाणारे एक जेल डुकराच्या पिलांच्या दातांपासून काढलेल्या प्रथिनांचे असते; हाडाची काही भुकटी गाईच्या हाडापासून केलेली असते. आपल्यापैकी अनेकांना हे चालणार नाही, आणि मागाहून कळले तर मनाला लागेल. म्हणून आधीच विचारावे. विचारण्यात संकोच कसला? आम्ही विचारले, आणि आमचे काम काही न भरता झाले. २०११ मध्ये कोर्तेल्लिनी आणि टोनेटी यांनीच ४५ रोग्यांवर केलेल्या चाचणीत, अशा लहान छेदाच्या शस्त्रक्रियेनंतर काही भरले काय किंवा न भरले काय, परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. चाचणी लहान होती आणि प्रत्येक खड्डा सारखा नसतो, तरी प्रश्न विचारायला तेवढा आधार पुरेसा आहे.

लेझरविषयीही दोन शब्द. त्याच्या जाहिराती मोहक असतात. २००४ मध्ये अमेरिकेत हिरड्यांसाठी एका लेझर-पद्धतीला परवानगी मिळाली आणि काही दंतवैद्य ती निष्ठेने वापरतात. परंतु नेहमीच्या स्वच्छतेला लेझरची जोड दिल्याने रोग्याला अधिक लाभ होतो, असे पुराव्याने ठरलेले नाही. वर सांगितलेल्या २०२० च्या सूत्रांनी तशी जोड न देण्याचाच सल्ला दिला आहे. कर्ज काढून लेझर करावे असे काही नाही.

साखरेचा आणि हिरड्यांचा संबंध

आपल्या मॉरिशसमध्ये ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यायला हवी. १९८७ पासून इथे झालेल्या आरोग्य-पाहण्यांनी मधुमेहाचे भयंकर चित्र दाखवले आहे. अलीकडे प्रौढांपैकी पाचात जवळजवळ एकाला मधुमेह आहे. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्यांचा रोग वाढतो. आणि उलटही खरे आहे: हिरड्यांतली सततची सूज रक्तातली साखर वाढवते. हिरड्यांवर उपचार केल्यास तीन-चार महिन्यांनी, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा सरासरी ०.४ ने खाली येतो, असे अनेक चाचण्या एकत्र पाहून दिसले आहे. हा आकडा लहान वाटतो, पण एखाद्या गोळीची भर घालावी तसा त्याचा उपयोग आहे.

दंतवैद्य बाईंनीच आम्हाला रक्त तपासायला धाडले, आणि आमची साखर वाढलेली निघाली. हिरड्यांतून रक्त आले नसते तर ते कळायला आणखी किती वर्षे लागली असती, कोण जाणे. आमच्या आईलाही मधुमेह होता. तो दात गेल्यावर चार वर्षांनी सापडला.

सिगारेट ओढणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. तंबाखूमुळे हिरडीतून रक्त कमी येते, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते, आणि आत हाड मात्र अधिक वेगाने जाते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरड्या फुगतात. तसे झाल्यास गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर तीही दंतवैद्याला आधी सांगावीत. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. त्या काळात दातांची स्वच्छता करून घ्यायला हरकत नसते.

घरी काय करावे

उपचार कितीही नवा असो, रोजचे काम आपल्याच हातात राहते. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेवर ब्रश तिरपा धरून घासावे. दातांच्या फटींत ब्रश जात नाही. त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशासारखे पण काडीएवढे छोटे ब्रश मिळतात, ते रात्री फिरवावेत. फटी अगदी अरुंद असतील तर दोरा वापरावा. कोळसा, राख, मिसरी यांनी दात घासू नयेत. आणि ज्याला एकदा हा रोग झाला, त्याने दर तीन-चार महिन्यांनी किंवा दंतवैद्य सांगतील तेव्हा तपासून घ्यावे. हा रोग ताब्यात राहतो, पण पाठ फिरवली की परत येतो.

आपल्या देशात सरकारी दवाखान्यांत दातांची तपासणी विनामूल्य होते. सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया सगळीकडे मिळणार नाही आणि खाजगीत ती स्वस्तही नसते. परंतु मोजणी आणि कीटण काढणे ही पहिली पायरी आहे, आणि बहुतेकांना तीच पुरते. दंतवैद्याला एवढेच विचारा: "माझ्या खिशांची खोली किती? आणि उपचारानंतर ती पुन्हा मोजणार ना?" कुणी एकदम सगळे दात काढायला सांगितले तर दुसरे मत घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आमच्या आईला आम्ही हे सर्व सांगितले. तिने ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझं जे झालं ते झालं. नातवंडांना दाखवून आणा." पुढच्याच सुट्टीत आम्ही त्यांना घेऊन गेलो. मोठ्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते. त्याने ते कुणाला सांगितले नव्हते.

तुमच्या घरी आज रात्री मुले दात घासतील, तेव्हा एकदा त्यांच्या थुंकीकडे पाहा. आणि आपल्या स्वतःच्याही.